शर्यतीआधी मांड्यांना आवळपट्टे : एका सीझनचा अनुभव

आधी एक घोळ मिटवतो. जिममध्ये पट्टे बांधून हलक्या वजनाचे सेट मारतात, तो जपानी कात्सू पद्धतीतला प्रकार वेगळा. माझा प्रकार व्यायामाच्या आधीचा: आडवं पडायचं, मांडीला हवेचा पट्टा बांधून फुगवायचा, रक्तप्रवाह पाच मिनिटं पूर्ण बंद, पाच मिनिटं मोकळा, असं तीनदा. मग सायकल.

कल्पना आली हृदयरोगाच्या संशोधनातून. कुत्र्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा आधी थोडा थोडा वेळ तोडला, तर नंतरच्या मोठ्या अडथळ्यात स्नायू कमी मरतो, असं १९८६ मध्ये दिसलं. पुढे नेदरलँड्समध्ये सायकलपटूंवर हेच पायांना करून पाहिलं. २०१० च्या त्या अभ्यासात कमाल पॉवर १.६ टक्के वाढली. आकडा छोटा, पण छोट्या घाटाच्या टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) तेवढ्यावरही नंबर वरखाली होतो. म्हणून पट्टे ऑनलाइन मागवले.

पहिल्यांदा दाब २२० वर (बीपी मोजतात त्याच एककात, मिमी पारा) नेला तेव्हा मी चक्क दात आवळले. साधारण दुसऱ्या मिनिटाला पाय पांढुरका पडतो, मग मुंग्या, मग लाकडासारखा जड. खरी गंमत सोडल्यावर: गुडघ्यापासून खाली गरम लाट उतरते आणि कातडी लालबुंद होते. हळूहळू सवय झाली, आवड नाही. दोन्ही पाय आलटून पालटून केले, एकाच्या विश्रांतीत दुसऱ्याची पाळी, तरी अर्धा तास जातोच. शर्यतीच्या पहाटे पार्किंगमध्ये चटई टाकून पंप मारत पडलेला इसम बघून लोक विचारपूस करतात, तेही सोसावं लागतं.

आता फायदा. पाच-सहा मिनिटांच्या जीव तोडून चढाईत पॉवर मीटरवर (पॅडलवर लागणारी ताकद मोजणारं यंत्र) थोडी जास्त वॅट्स दिसली, तीही सगळ्या वेळी नाही. लांब राइडला शून्य फरक. आणि त्या थोड्यावरही माझा पुरता विश्वास नाही. ब्राझीलमध्ये हौशी जलतरणपटूंना एकदा खरा दाब, एकदा नावापुरता दाब दिला. वेळ दोन्ही वेळा सुधारली. घरी ही परीक्षा घ्यायची सोयच नाही, कारण २२० चा दाब आणि लुटुपुटीचा दाब यांत पायाची फसगत होत नाही. एवढं सोसलंय म्हटल्यावर मनही जोर लावतंच. टोरांटोच्या कसलेल्या जलतरणपटूंच्या अभ्यासात शंभर मीटरला ०.७ सेकंद वाचले, तोही पट्टा पायाला नव्हे, दंडाला बांधून. हे वाचलं की परत वाटतं, काहीतरी असणार.

माझा हिशेब असा: वॉर्मअप, झोप, टायरची हवा हे सगळं आधीच नीट असेल, तरच हा खटाटोप. त्यातलं एखादं जरी कच्चं असेल, तर तो अर्धा तास रोलरवर (जागच्या जागी सायकल चालवायचं साधन) घाला. रक्ताच्या गाठींचा इतिहास, बीपी, मधुमेह, फुगलेल्या शिरा असं काही असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

सामानाबद्दल: दंडाचा बीपीचा पट्टा मांडीला पुरत नाही. रुंद पट्टा घ्या, अरुंद जास्त टोचतो आणि प्रवाह तोडायला दाबही जास्त लागतो. मांडीचा घेर मोजूनच साइझ निवडा. माझ्या पट्ट्याची झडप पावसाळ्यात गळू लागली, दाब आपोआप उतरायचा. विक्रेत्याने बदलून दिली, पण महिनाभर तंगवून.