बेळगावहून फोंडा आणि जुने गोवे, एका दिवसात: गाइड चांगला, जेवण सुमार

टिळकवाडीतून रविवारी सुटणाऱ्या या सहलीला पाचपैकी साडेतीन. टेम्पो ट्रॅव्हलर पहाटे पाचला निघते असं सांगतात, निघते पावणेसहाला. जांबोटीला चहा-पोहे मिळतात, तेवढे त्यांच्या खर्चात. मागची सीट घेऊ नका. कणकुंबीच्या पुढं चोर्ला घाटात पोहे पोटात राहतील याची खात्री नाही.

माझं आयुष्य कोर्टात कागद लावण्यात गेलं. त्यामुळं कुणी ‘पोर्तुगीजांनी देवळं पाडली’ म्हटलं की मी विचारतो, कुठल्या साली, कुणाच्या हुकमानं? गाइड खानापूरकडचा पोरगा, पण तयारीचा निघाला. मंगेशीच्या आवारात उभं राहून त्यानं सांगितलं की देवाचं मूळ ठाणं कुशस्थळीला, तिथून 1560 मध्ये तो इथं आणला. गोव्यात इन्क्विझिशनचं, म्हणजे कॅथलिक धर्माविरुद्ध वागल्याचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय बसलं तेही त्याच साली. शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. जुवारी नदी ओलांडून इकडं फोंड्यात आलं की पोर्तुगीजांची हद्द संपायची आणि विजापूरच्या आदिलशहाची लागायची. “काका, आपला बेळगावचा किल्ला पण तेव्हा त्याच्याकडंच होता की!” ज्या आदिलशाहीत किल्ल्यातली असदखानाची साफा मशीद उभी राहिली, तिच्याच मुलखात आमच्या देवांना आसरा मिळाला. गाडीतल्या एका गृहस्थांना हे अजिबात पचलं नाही. म्हार्दोळ येईपर्यंत ते वाद घालत होते. पोरानं आवाज चढवला नाही, मुद्दाही सोडला नाही. एक गुण त्याचाच.

पुढं 1739 मध्ये पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानाला इनाम दिलं. फोंडा पोर्तुगीजांकडं गेला 1763 मध्ये, आणि तोवर त्यांचं धोरण मवाळ झालं होतं. नव्या मुलखातल्या देवळांना हात लावणार नाही असं त्यांनी कबूल केलं. आज आपण रांगेत उभे राहतो ते या उशिरामुळं.

जेवण मात्र ठरलेल्या हॉटेलात, पैसे वेगळे. सोलकढीत नारळ शोधावा लागला.

दुपारी जुने गोवे. इन्क्विझिशनची इमारत आता नाही, नुसती जागा दाखवतात. तिथं त्यानं गार्सिया द ओर्ताची हकीकत सांगितली. मूळ ज्यू घराण्यातला वैद्य, गोव्यात मोठं नाव कमावून 1568 मध्ये वारला. त्याच्या बहिणीला पुढच्याच वर्षी जाळलं, आणि 1580 मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून जाळली. मेलेल्यावर खटला चालवणारं कोर्ट! मी नोकरीत पुष्कळ जुन्या फायली पाहिल्या, पण असली नाही.

माझे गुण कापले गेले ते सेंट ऑगस्टिन मठाच्या पडक्या चर्चच्या बुरुजापाशी. तो अर्धा बुरूज दाखवून पोरगा म्हणाला, “काळाच्या ओघात पडला,” आणि मंडळी सेल्फीला लागली. अरे, काळाच्या ओघात नव्हे! 1834 मध्ये लिस्बनच्या उदारमतवादी सरकारनं पुरुषांचे सगळे मठ बंद करून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. साधू गेले, देखभाल थांबली, 1842 मध्ये छत कोसळलं, 1931 मध्ये बुरुजाचा अर्धा भाग. ज्या सिंहासनानं चर्चसाठी देवळं पाडली, त्याच सिंहासनाच्या नावानं मठांना कुलूप लागलं. इथला बिशप निवडायचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडंच होता ना! चर्चनं सरकारच्या पदरी नोकरी धरली की बडतर्फीचा कागदही तिथूनच यायचा.

गाइडची गोष्ट 1812 ला, इन्क्विझिशन बंद झालं तिथं संपते आणि एकदम 1961 ला उगवते. मधलं 5 ऑक्टोबर 1910 कुठं गेलं? पोर्तुगालात राजा गेला, प्रजासत्ताक आलं, आणि 20 एप्रिल 1911 च्या कायद्यानं कॅथलिक धर्म राज्याचा धर्म राहिला नाही. गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचा हक्क आणि सरकारी नोकरीची वाट मिळाली ती प्रजासत्ताकामुळं. बेळगावात मराठीत उतारा मागून दमलेल्या माणसाला अशा कागदाची किंमत कळते.

आपल्याकडं इंग्रजांच्या मुलखातही सगळं स्वच्छ नव्हतं. 1858 चा राणीचा जाहीरनामा कुणाच्या धर्मात हात घालणार नाही म्हणतो, पण पलटणीच्या पाद्र्यांचा पगार सरकारी तिजोरीतून चालूच. हिंदुस्थानातलं चर्च ऑफ इंग्लंड कायद्यानं वेगळं झालं ते थेट 1930 मध्ये. बेळगावच्या कॅम्पातलं सेंट मेरी चर्च रोज बघणाऱ्यांना हे सांगायला किती वेळ लागतो?

परतीच्या चहाला मी हे सगळं पोराला ऐकवलं. त्यानं तारखा मोबाइलवर टिपून घेतल्या, पुढच्या खेपेला सांगतो म्हणाला. तुम्ही गेलात तर बुरुजापाशी मुद्दाम विचारा. आणि डबा घरूनच न्या.