पीसी सुरूच होत नाही: एसएमपीएस टेस्टर घ्यावा की मल्टिमीटर?

बटण दाबलं तरी पीसी ढिम्म. पंखा नाही, दिवा नाही, बीप नाही. (पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, हे दुखणं वेगळं. तिथे रॅम काढून खोडरबरने घासतात, तो विषय आज नाही.) भिंतीवरचं बटण, स्पाइक गार्ड, एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचा छोटा स्विच, सगळं बघून झालंय. मदरबोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर क्षणभर टेकवूनही काही झालं नाही. आता संशय दोघांवर, एसएमपीएस नाहीतर मदरबोर्ड. पहिला 2-3 हजारांत बदलता येतो. दुसरा गेला आणि पीसी जुना असेल, तर मागोमाग प्रोसेसर आणि रॅमही बदलायची वेळ येते. म्हणून पैसे काढण्याआधी मोजून बघावं. त्यासाठी घरात काय ठेवायचं, असा प्रश्न आहे.

माझ्याकडे दोन्ही होतं. आधी टेस्टर घेतला, ऑनलाइन, साधारण 700 रुपयांना. मल्टिमीटर नंतर पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणला, तो पिवळा डीटी830डी, अडीचशेला.

टेस्टर वापरायला सोपा आहे, यात वाद नाही. बोर्डावरचा 24 पिनांचा कनेक्टर काढायचा, टेस्टरमध्ये खोचायचा, की 12, 5, 3.3 आणि स्टँडबायचा (पीसी बंद असतानाही येणारा) 5 व्होल्ट असे सगळे आकडे एकदम दिसतात. सोबत पॉवर गुड (वीज ठीक असल्याच्या) सिग्नलला किती वेळ लागला तेही मिलिसेकंदांत येतं. 100 ते 500 च्या मध्ये असलं की ठीक. साध्या मल्टिमीटरला हे शेवटचं जमत नाही. हल्लीच्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या असतात, तिथे पीसी सुरू करायची हिरवी कुठली आणि स्टँडबायची जांभळी कुठली हे मोजत बसावं लागत नाही, हाही फायदाच. आणि ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी टेस्टर निश्चित सुरक्षित.

माझं त्याच्याशी बिनसलं ते एकाच गोष्टीवरून. कनेक्टर काढावा लागतो.

माझ्या कॅबिनेटमध्ये तो हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला खेटून आहे. डाव्या अंगठ्याने क्लिप दाबायची, उजव्या हाताने डावी-उजवीकडे हलवत वर ओढायचं, आणि बोर्डाची कड वाकताना जीव मुठीत धरायचा. एवढंच असतं तर चाललं असतं. पण होतं असं, की सकाळी पीसी सुरू होत नसे. मी कनेक्टर काढून टेस्टर लावायचो, सगळे आकडे ठीक. कनेक्टर परत लावला की पीसी झक्कपैकी सुरू! दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. तपासायला गेलं की आजार गायब. चौथ्या दिवशी कॅबिनेट उचलून दुकानात नेलं. तिथल्या मुलाने त्याचा टेस्टर लावला आणि म्हणाला, "साहेब, एसएमपीएस ओके आहे, म्हणजे बोर्डच गेला." बोर्ड, प्रोसेसर, रॅम असा हिशेब त्याने कागदावर मांडूनही दिला. तो खोटं बोलत नव्हता, त्याला टेस्टरने तेच सांगितलं होतं.

त्याच संध्याकाळी मल्टिमीटर आणला. मल्टिमीटरला कनेक्टर काढावा लागत नाही. डीसी 20 व्होल्टची रेंज, काळा प्रोब कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला, आणि लाल प्रोब कनेक्टरच्या पाठीमागून वायरीच्या बाजूने आत. सकाळी उठल्याबरोबर, पीसी थंड असताना, जांभळ्या वायरीवर बघितलं. तिथे पीसी बंद असतानाही 5 व्होल्ट हवेत, 4.75 च्या खाली नकोत. माझ्याकडे 3.9. प्लग लावून तसंच ठेवलं तर आकडा हळूहळू चढत गेला, आणि पंधरा-वीस मिनिटांनी पीसी सुरू झाला. म्हणजे एसएमपीएसमधले स्टँडबायचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वाळलेले असावेत. थंड असताना ते बोर्डाचा भार पेलत नव्हते, गरम झाले की कसेबसे चालत होते. टेस्टर म्हणजे जवळजवळ रिकामी गाडी, तिथे तेही ठीकच दिसणार. पेपरक्लिपने हिरवी आणि काळी जोडून पंखा फिरवून बघायचा उपायही तसाच. पंखा फिरला एवढंच कळतं. नवा एसएमपीएस बसवला, बोर्ड आजही तोच आहे.

मल्टिमीटरचा दुसरा उपयोग हिरव्या वायरीवर. बटण दाबण्याआधी तिथे 3 ते 5 व्होल्ट दिसतात, दाबल्यावर ते जवळपास शून्यावर यायला हवेत. आले, आणि तरी पिवळ्या वायरीवर 12 आले नाहीत, तर एसएमपीएस संशयित. (कधी बोर्डावर किंवा ग्राफिक्स कार्डात शॉर्ट असल्यानेही तो लगेच बंद होतो, म्हणून कार्ड काढून एकदा बघावं.) जांभळी ठीक आहे पण हिरवी खालीच येत नाही, तर दोष बहुधा बोर्डाचा किंवा स्विचचा. बटण दाबल्यावर बोर्ड काय करतो हे टेस्टर सांगू शकत नाही, कारण तेव्हा बोर्ड जोडलेलाच नसतो. ऑफिसातून निघालेले ब्रँडेड पीसी घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. डेलच्या काही ऑप्टिप्लेक्समध्ये 24 ऐवजी 8 पिनांचा कनेक्टर असतो, तिथे हा टेस्टर बसतच नाही.

मल्टिमीटरची भीती खोटी नाही. लाल वायर चुकून 10 अँपिअरच्या भोकात राहिली तर मोजणं नव्हे, शॉर्ट होतो. प्रोब जाड असेल तर कनेक्टरच्या पाठीमागून आत जात नाही. मी टोकाला पातळ टाचणी घट्ट बसवून तिच्यावर वरपर्यंत टेप गुंडाळली. काळ्या वायरींत पिना मोजाव्या लागतात: 9 स्टँडबाय, 16 हिरवी. आणि दोन्हींपैकी काहीही हातात असलं तरी एसएमपीएस उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही 300 व्होल्टच्या वर साठा राहू शकतो.

रोज दहा कॅबिनेट उघडणाऱ्याला टेस्टर लागेलच, त्याचा वेळ वाचतो. घरातला एक पीसी, तोही मधूनच रुसणारा, असेल तर मी अडीचशेच घालवीन. माझा टेस्टर भाच्याला दिला. तो सेकंडहँड एसएमपीएस घेताना दुकानातच खोचून बघतो. तिथे कनेक्टर मोकळाच असतो, त्यामुळे त्याची काही तक्रार नाही.