मेमटेस्ट ८६+ : डिस्प्ले येईपर्यंत उपयोग शून्य, आल्यावर बिनतोड

पंखे फिरतात, लाइट लागतो, स्क्रीन मात्र काळी. अशा डेस्कटॉपसाठी ‘मेमटेस्ट ८६+ चालवून बघा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तिथेच घोडे अडते. रॅम (मेमरी) तपासणारे हे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून सुरू होते. मदरबोर्डची सुरुवातीची तपासणीच पार पडत नसेल, तर मशीन पेनड्राइव्हपर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा आधी एक रॅम लावून डिस्प्ले आणायचा, मग याचे गुणगान.

त्यासाठी वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून घ्या. सगळ्या रॅम काढून एकच स्टिक लावा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा, म्हणजे ए २. काही बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते. तिथे दुसरे टोक वर राहिलेले चटकन दिसत नाही, म्हणून दोन्ही टोकांना नीट दाबा. सोनेरी पट्ट्यांवर मळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबरनेही काम होते, पण हलक्या हाताने. त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडला तर नवीनच भानगड. तरीही काही नाही, तर सीआर २०३२ सेल काही मिनिटे काढून बायोस (मशीन सुरू करणारे मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर) रीसेट करा. बोर्डावर ‘डीरॅम’ लिहिलेला दिवा असेल तर तो पेटूनच राहतो का ते पाहा, राहिला तर अडचण रॅमपाशी. डीडीआर ५, म्हणजे नव्या पिढीची रॅम असेल तर पहिल्यांदा सुरू होताना मेमरी ट्रेनिंगला (बोर्डाने रॅमशी जुळवून घ्यायला) कित्येक मिनिटे लागू शकतात. काळी स्क्रीन पाहून घाईने बंद करू नका.

डिस्प्ले आला की मेमटेस्टची पाळी. मूळ मेमटेस्ट ८६ पासून २००४ मध्ये वेगळा झालेला हा प्रकल्प मुक्तस्रोत आहे आणि पूर्ण मोफत. बरीच वर्षे तो मागे पडला होता. २०२२ च्या ६.०० आवृत्तीपासून यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) आणि डीडीआर ५ दोन्हींवर चालतो. फाइल काही एमबीची, त्यामुळे जुना-पुराणा पेनड्राइव्हही चालतो. त्यातला डेटा मात्र पुसला जातो. सुरू होत नसेल तर बायोसमधले सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) बंद करून पाहा.

दिसायला अगदी रूक्ष, निळी स्क्रीन आणि आकडे. १६ जीबीला एका फेरीस तास-दोन तास धरा आणि जमल्यास रात्रभर चालू ठेवा, कारण गरम झाल्यावरच चुकणाऱ्या रॅमही असतात. निकाल वाचायचा नियम एकच: चूक शून्यच हवी. ‘दोनच एरर आहेत, चालतंय’ असे म्हणून तीच रॅम वापरत राहिलात, तर आज नाही उद्या फाइली बिघडणारच.

इथेच बहुतेकांची फसगत होते. एरर आली म्हणजे रॅमच गेली असे नाही. एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू असेल तर ते बंद करून पुन्हा तपासा. वेग झेपत नसल्याने चुकणारी चांगली रॅम उगाच कचऱ्यात जाते. मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये आणि दुसरी स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये. एरर स्टिकच्या मागे गेली तर दोष रॅमचा. स्लॉटलाच चिकटून राहिली तर स्लॉट, सॉकेटची वाकलेली पिन किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर. हा निवाडा सॉफ्टवेअर देत नाही, तुम्हालाच करावा लागतो. दोन स्टिक एकत्र तपासल्यावर कोणती बिघडली ते स्क्रीनवरच्या मेमरी पत्त्याच्या आकड्यावरून ओळखणेही बेभरवशाचे, कारण ड्युअल चॅनलमध्ये पत्ते दोघींत वाटले जातात. एकेक तपासणेच बरे.

पासमार्क कंपनीच्या मेमटेस्ट ८६ चा चेहरा जास्त सुबक आहे, माऊस चालतो, रो-हॅमर चाचणीही (मेमरीची एक ओळ सतत वापरून शेजारची बिघडते का ते पाहणारी) मिळते. पण मोफत आवृत्ती चार फेऱ्यांवर थांबते. विंडोजचे स्वतःचे मेमरी डायग्नोस्टिक त्या मानाने वरवरचे, शिवाय विंडोज चालू झाली तर सोयीचे. घरच्या मशीनसाठी ८६+ पुरेसे.

नवी रॅम घेण्याआधी जुन्या स्टिकवरचा स्टिकर वाचा. अनेक कंपन्या डेस्कटॉप रॅमवर दीर्घ मुदतीची, काही तर लाइफटाइम वॉरंटी देतात. लाल ओळींच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दुकानदाराशी बोलताना कामाला येतो. बदली घेताना खाच जुळते का ते पाहा: डीडीआर ४ आणि ५ दोन्हींना २८८ पिन असल्या तरी खाचेची जागा वेगळी, व्होल्टेजही १.२ आणि १.१, एकमेकांच्या बोर्डात बसत नाहीत.