नव्याकोऱ्या क्रूझ जहाजावर सात रात्री: काय मिळतं आणि काय अजून व्हायचं असतं

ओळखीतल्या चार-पाच जणांनी विचारलं म्हणून सविस्तरच लिहितोय. फ्लोरिडातून निघणारी सात रात्रींची वेस्टर्न कॅरिबियन क्रूझ केली, मी, बायको, मुलगी आणि आई (वय 72), आणि जहाज अगदी नवंकोरं, प्रवासी घ्यायला लागून जेमतेम तीन आठवडे झालेलं. जहाजाचं आणि कंपनीचं नाव देत नाहीये, कारण पुढे ज्या तक्रारी लिहिल्यात त्या एका कंपनीच्या नाहीत, पहिल्या दोन-तीन महिन्यांत कुठल्याही नव्या जहाजावर हे थोड्याफार फरकाने होतंच, आणि मला नेमकं तेच सांगायचंय की नवं जहाज म्हणजे तयार जहाज नाही, ते प्रवासी चढल्यावरसुद्धा घडतच असतं.

सुरुवात तारखेपासूनच झाली. आमचं मूळ बुकिंग आधीच्या एका फेरीचं होतं, ती फेरीच रद्द झाली, मेल आला की शिपयार्डकडून जहाज वेळेत ताब्यात मिळत नाहीये. पैसे परत मिळाले, वर पुढच्या बुकिंगसाठी क्रेडिटही दिलं, पण विमानाची तारीख बदलायचा खर्च त्यांनी ठरावीक मर्यादेपर्यंतच दिला आणि चार तिकिटांचे मिळून 46 हजार आमच्या खिशातून गेले. हे क्वचित होतं असं समजू नका. 2024 मध्ये सन प्रिन्सेस या नव्या जहाजाची पहिली फेरी दोनदा पुढे गेली, 8 फेब्रुवारीची शेवटी 28 ला निघाली. सिंगापूरहून निघणाऱ्या डिस्ने अॅडव्हेंचरसाठी आपल्याकडच्या किती जणांनी मुलांच्या सुट्ट्या बघून बुकिंग केलं होतं, तीही 15 डिसेंबर 2025 वरून 10 मार्च 2026 वर गेली (ते जहाज तर आधी दुसऱ्याच कंपनीसाठी जर्मनीत बांधायला घेतलेलं, ती कंपनी बुडाली आणि अर्धवट जहाज डिस्नेने विकत घेतलं). तेव्हा पहिल्या महिन्यातली फेरी घेत असाल तर विमानाचं तिकीट बदलता येणारंच काढा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, आणि भारतातून जाणार असाल तर किमान दोन दिवस आधी पोचा.

आता जहाज. आपण मुंबई-गोवा करणारी एम्प्रेस बघितलेली असते, ती 1990 ची बांधणी, साधारण 48 हजार टनांची, आणि आताच्या सगळ्यात मोठ्या जहाजांपैकी एक, आयकॉन ऑफ द सीज, आहे 2 लाख 48 हजारांची (हे टन वजनाचे नाहीत बरं का, जहाजाच्या आतल्या जागेचं माप असतं ते). आमचं जहाज तेवढं मोठं नव्हतं पण तरी पहिल्या दिवशी मान वर करून बघताना आई नुसतीच गप्प झाली, मग म्हणाली, अरे हे तरंगतं कसं. आत शिरल्याबरोबर वास येतो तो नव्या कार्पेटचा आणि रंगाचा, नवीन फ्लॅटचा ताबा घेताना येतो ना अगदी तोच, आणि तो दोन दिवस डोक्यात बसतो, मायग्रेनवाल्यांनी हे लक्षात ठेवा. लिफ्टच्या बटणांच्या पट्टीवर निळं प्लास्टिक तसंच होतं, आमच्या खोलीतल्या फ्रिजच्या दारावरचं मुलीने स्वतः सोलून काढलं आणि ती भलतीच खूश. अकराव्या डेकवर एक कॅफे पूर्ण आठवडाभर पडदा लावून बंद, आतून ड्रिलचा आवाज, आणि शिपयार्डचे कामगार अंगात जॅकेट, हातात टूलबॉक्स घेऊन कॉरिडॉरमधून फिरताना रोज दिसायचे. ब्रोशरमध्ये बघून ज्या कॅफेची आपण सहा महिने वाट बघितली तोच बंद निघाला की वाईट वाटतं, मला वाटलं.

बाथरूमचं सांगतो कारण यावर कुणी बोलत नाही. पहिल्या रात्री बाथरूममधून गटाराचा वास सुटला. मी फोन केला, कुणी उचलेना, दुसऱ्यांदा उचलला तर म्हणाले माणूस पाठवतो, तासभर कुणी नाही. आईने खाली वाकून जाळी बघितली आणि म्हणाली, हे कोरडं पडलंय रे, पाणी ओत. डोंबिवलीला बंद घर महिन्याने उघडलं की हेच करतो आपण. बर्फाच्या बादलीने तीन बादल्या पाणी त्या जाळीत ओतलं आणि पंधरा मिनिटांत वास गेला. नंतर आलेला प्लंबर सुद्धा म्हणाला की बरोबर केलंत, जाळीखालच्या वाकड्या पाइपात पाणी साचून राहिलं की वास अडतो, आणि ज्या खोल्या अजून नीट वापरात आलेल्या नाहीत तिथे ते पाणी सुकून जातं. त्यामुळे चढल्या चढल्या पहिलं काम हे करा.

संडासचं तंत्र वेगळं असतं, विमानासारखं हवेने ओढून घेणारं, पाणी अगदी थोडं, आणि बऱ्याच खोल्या एकाच पाइपवर. कुणीतरी ओला वाइप टाकला की अख्खी ओळ बंद. आमच्या कॉरिडॉरची चौथ्या दिवशी दुपारी तीन तास बंद होती, आईला घेऊन पाचव्या डेकवरच्या पब्लिक टॉयलेटला जावं लागलं, तेही गर्दीत. एसी तर ऐकायलाच तयार नव्हता, डायल 24 वर ठेवला तरी खोलीत थंडी, दोन रात्री शालीच्या दोन घड्या पांघरून आई झोपली, तिसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन छतातली झडप फिरवून गेला मग ठीक झालं. अॅपवर रात्रीच्या जेवणाचं बुकिंग करायला गेलो की गोल गोल फिरत राहायचं, शेवटी दुसऱ्या दिवसापासून मी सरळ जहाजावरच्या रेस्टॉरंटच्या दारात जाऊन उभं राहायचं ठरवलं, तिथल्या मुलीने वहीत नाव लिहून घेतलं आणि काम झालं. वाय-फाय मात्र झकास, समुद्राच्या मधून व्हिडिओ कॉल लागत होता.

आणि आता माणसं. इतक्या मोठ्या जहाजावर हजारभराच्या वर कर्मचारी, सगळे जुन्या जहाजांवरून किंवा ट्रेनिंगमधून आणून एकत्र टाकलेले, एकमेकांची नावंही त्यांना पाठ नसतात. पहिल्या दिवशी मी एका वेटरला लायब्ररी कुठाय विचारलं तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, सर मीपण शोधतोय, चला दोघं बघू. त्यानेच युक्ती सांगितली, कॉरिडॉरच्या कार्पेटवर छोटे मासे विणलेत, माशाचं तोंड जिकडे तिकडे जहाजाचं पुढचं टोक. त्यानंतर आई एकदाही चुकली नाही, आम्ही चुकलो.

जेवणाच्या हॉलमध्ये आमच्या टेबलाला जो पोरगा होता तो मडगावचा. गोव्यातली किती घरं या तारवटी (जहाजावर नोकरी करणाऱ्या) पोरांच्या पगारावर उभी आहेत ते गोव्यात राहिलेल्यांना माहीत असेल, कुठल्याही जहाजावर जा, दोन-चार गोंयकार भेटणारच. आईला दोन दिवस पास्ता आणि ब्रेड खाऊन पोटाला त्रास व्हायला लागला होता, ती नुसती सूप घेऊन बसली होती, तर तो हळूच म्हणाला, आंटी, फाल्यां तुमकां वरण-भात दितां. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी किचनमधून साधं पिवळं वरण, वर तुपाची धार, भात मऊ, शेजारी लिंबाची फोड. आईने पहिला घास घेतला आणि डोळे पुसले. त्या रात्री तो सोळा टेबलांच्या मधून धावत होता, किचनची ऑर्डरची मशीन बंद पडलेली, पलीकडे एक बाई त्याच्यावर ओरडत होती की स्टेक चाळीस मिनिटांनी आला, आणि तो प्रत्येकाला सॉरी म्हणत हसतमुखाने फिरत होता. जहाज नवं असल्याचा सगळा त्रास या पोरांच्या पाठीवर पडतो हो. सहा-आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, सुट्टीचा दिवस नाही. रोजचे माणशी 16 ते 20 डॉलर टिप म्हणून खात्यात धरतात, काही लोक काउंटरवर जाऊन ते काढून टाकायला सांगत होते, कारण काय तर सर्व्हिस स्लो होती. कृपा करून हे करू नका. तक्रार करायची तर शिपयार्डची करा, ऑफिसची करा, लिहून द्या, आणि चांगल्या माणसाचं नाव घेऊन चांगलं पण लिहून द्या, ते त्यांच्या बढतीत मोजलं जातं असं तोच सांगत होता.

मोठा शो पहिल्या दोन रात्री रद्द, स्टेजचं काहीतरी अडकलेलं. पाचव्या रात्री झाला, आणि काय झाला! मध्ये एकदा वरून येणारा झुला थांबला, ती मुलगी तशीच हवेत लटकून हसत राहिली, दहा सेकंद अख्खं थिएटर श्वास रोखून, मग झुला हलला आणि लोकांनी जी टाळी वाजवली ती मी विसरणार नाही. होंडुरासच्या रोआतान बेटावर जहाज पहिल्यांदाच लागत होतं, धक्क्यावर बँड वाजत होता, बंदराच्या लोकांनी कॅप्टनला शील्ड दिली, कॅप्टनने त्यांना दिली, ही पद्धतच आहे, प्रत्येक बंदरातली पहिली शील्ड जहाजावर लावून ठेवतात. दहा वर्षांनी कुणीतरी ती भिंतीवर बघेल आणि त्या दिवशी आम्ही डेकवर होतो. हे जुन्या जहाजावर मिळत नाही, याच्यासाठी मी परत जाईन.

आईला बुडायची भीती होती म्हणून सुरक्षेचं आधीच वाचून ठेवलं होतं. नवं जहाज आधी रिकामं समुद्रात नेऊन चाचण्या घेतात, अमेरिकेतून प्रवासी चढवायच्या आधी तिथलं कोस्ट गार्ड तपासतं, आणि 2012 ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ कलंडली तेव्हा शेकडो नवीन चढलेल्यांचं सुरक्षेचं ड्रिल (संकटात कुठे जमायचं, काय करायचं याचा सराव) झालंच नव्हतं, त्यानंतर नियम बदलला, आता जहाज निघायच्या आधी किंवा निघताच ड्रिल झालंच पाहिजे. आमचं तर अर्धं मोबाईलवर व्हिडिओ बघून आणि अर्धं ठरलेल्या जागी जाऊन झालं, टाळू नका. स्वच्छतेचे मार्क पण असतात, अमेरिकेच्या सीडीसीचे (तिथली सरकारी आरोग्य संस्था) इन्स्पेक्टर 100 पैकी देतात, 86 च्या खाली म्हणजे नापास, ऑनलाइन कुणालाही दिसतात.

खोली निवडताना एक अडचण, नव्या जहाजावर कुठली खोली आवाजाची हे अजून कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे डेकचा नकाशा उघडून वर-खाली दोन्हीकडे खोल्याच आहेत अशी बघा. स्विमिंग पूलच्या खाली घेऊ नका, पहाटे पाचला खुर्च्या ओढतात. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, चार मॅग्नेटचे हुक नेले तर टोप्या, पिशव्या लटकतात. इस्त्री आणि किटली नेऊ नका, चढतानाच काढून घेतात. अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना ते बघा, कारण जहाज परदेशात जाऊन परत येतं. आणि पैसे, पहिल्या सीझनचे दर चढेच असतात, आम्ही सात रात्रींना जे भरलं त्यात त्याच कंपनीचं चार वर्षं जुनं जहाज नऊ रात्री मिळत होतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. सोबत म्हातारी माणसं किंवा अगदी लहान मूल असेल तर जहाज चालू होऊन पाच-सहा महिने होऊ द्या, मग जा. फक्त तुम्ही दोघं असाल, नव्याची हौस असेल, कॅफे बंद निघाला तरी चालणार असेल, तर पहिल्या महिन्यात खुशाल जा.

शेवटच्या दिवशी सकाळी उतरायच्या रांगेत मडगावचा तो पोरगा आईला शोधत आला, त्याचं कॉन्ट्रॅक्ट मे महिन्यात संपतंय. आईने त्याला घरचा नंबर कागदावर लिहून दिलाय आणि सांगितलंय, मुंबईला उतरलास की आधी डोंबिवलीला जेवायला ये, मग गोव्याची गाडी पकड.