भीमथडी घोडीवर कानपुरी खोगीर: पाठ उत्तम राखली, पण तंगाच्या पट्ट्यांची भोकं बघून घ्या

खोगिराच्या तंगाच्या पट्ट्याची (घोड्याच्या पोटाखालून जाणारा तंग ज्याला बकलाने अडकतो, तो पट्टा) शिवण उसवली आणि विकणाऱ्याने हात वर केले, म्हणून हे लिहायला घेतलंय. उन्हाळा, अख्खा पावसाळा आणि दिवाळीनंतरचे कोरडे दिवस, एवढं सगळं या खोगिराने बघितलंय. त्यामुळे आता त्याच्याबद्दल ठामपणे बोलता येईल. इंग्लिश पद्धतीचं, सगळ्या कामाला चालणारं, 16 इंची सीट, पॅनलमध्ये (घोड्याच्या पाठीवर टेकणाऱ्या खालच्या गादीत) लोकर, बनावट कानपूरची. किंमत 24,000. तंग, नमदा (खोगिराखालची जाड घडी) आणि रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) वेगळ्या घेतल्या, त्यांचे पैसे वेगळे. माझ्यासाठी ही रक्कम मोठी आहे आणि खाली माझा आवाज कुठे चढला तर त्याचं कारण हेच आहे.

आधी घोडीबद्दल, कारण खोगीर कसं आहे हे ते कुणाच्या पाठीवर आहे त्यावर ठरतं. तांबडी भीमथडी आहे. धनगरांचे कळप हलतात तेव्हा बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालणारी ही जात. अंगाने लहान, पायाने पक्की, डोंगरउताराला न डगमगणारी. पण पाठ आखूड, बरगड्या गोल आणि खांद्यांमधला उंचवटा बसका. पुण्यात रायडिंग स्कूलच्या ओळखीने मिळणारी बहुतेक खोगिरं थरोब्रेड नाहीतर मारवाडी घोड्याला डोळ्यासमोर ठेवून आणलेली असतात. त्या घोड्यांचा उंचवटा वर आलेला आणि पाठ लांब. ते अरुंद ट्रीचं (ट्री म्हणजे खोगिराचा आतला सांगाडा) खोगीर तांबडीवर टाकलं की पुढून वर उचललं जातं आणि दोन्ही खांद्यांमागे चिमटा बसतो. शिवाय 17 किंवा साडेसतरा इंची सीट घेतली की पॅनल मागे कमरेवर जातं. घोड्याला बरगड्यांच्या 18 जोड्या. शेवटच्या बरगडीच्या मागे पाठीला खालून आधार नसतो, तिथे स्वाराचं वजन जाताच कामा नये. म्हणून 16 इंच. माझी मांडी आखूड आहे म्हणून हे जमलं. उंच माणसाला आखूड पाठीच्या घोड्यावर खोगीर मिळवणं खरंच अवघड आहे.

दुसरा हिशोब वजनाचा. स्वार, खोगीर आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांत राहावं असा संकेत आहे. तांबडी 300 किलोच्या आसपास, म्हणजे 60 किलो. मी 50, खोगीर तंग-रिकिबीसकट 7. उरले 3 किलो, त्यात पाणी, दोरी, खूर साफ करायचा आकडा आणि डबा. वेस्टर्न पद्धतीचं खोगीर लांबच्या रपेटीला आरामाचं म्हणून खूप जण सुचवतात, वजन पसरवून टाकतं हेही खरं. पण ते 12 किलोच्या खाली क्वचित येतं. माझ्या घोडीसाठी तो विषय तिथेच संपला.

माप कसं घेतलं ते सांगते, कारण यावर लोक वेळ घालवत नाहीत. हाताने वाकेल पण आपोआप सरळ होणार नाही अशी जाड अॅल्युमिनियमची तार घेतली. खांद्याच्या हाडामागे चार बोटं सोडून ती पाठीवर आडवी दाबली, तो आकार जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने उतरवला. तसाच पाठीच्या मध्यावर, तसाच शेवटच्या बरगडीजवळ. हे तीन कागद घेऊन गेले आणि खोगिरं उलटी करून त्यांच्या पुढच्या कमानीशी ताडून बघितली. बरीचशी तिथेच बाद झाली. जे उरलं ते तबेल्यावर नेऊन, नमदा न घालता, घोडीवर टाकून बघण्याची अट घातली. त्यावर बरीच घासाघीस झाली पण अट मान्य करून घेतली. जो दुकानदार खोगीर घोड्यावर टाकून बघू देत नाही त्याच्याकडून घेऊच नये, मग तो कितीही सूट देवो.

उंचवट्यावर कमानीखाली दोन-तीन बोटं जागा हवी आणि ती स्वार बसल्यावरही उरायला हवी. ही उरली. कण्यावरची मधली पन्हाळ पुढून मागेपर्यंत तीन-चार बोटं रुंद हवी, म्हणजे मणक्याला काही टेकत नाही. इथेही ठीक. पॅनलखालून तळहात सरकवत नेला तर मध्ये कुठे पोकळी लागली नाही. पुढे टेकलंय, मागे टेकलंय आणि मध्ये अधांतरी, असं खोगीर चार कोपऱ्यांवर सगळं वजन टाकतं. तासाभराच्या फेरीत ते कळत नाही, दिवसभराच्या चालीत घोडा पाठ आखडून घेतो.

आता स्वाराच्या आरामाचं. पहिल्या महिन्यात माझं मत वाईट होतं. सीट कडक, चामडं करकरीत, फ्लॅप (मांडीखालची चामड्याची पाळ) दुमडायला तयार नाही. सासवडहून कोडीतमार्गे नारायणपूर आणि परत एवढं केलं की मांडीच्या आतल्या बाजूला सालपटं निघायची. एका मैत्रिणीला मी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की यात पैसे घालू नकोस. ते मत आता बदललंय. उन्हाळा संपेपर्यंत चामडं मांडीच्या आकाराला आलं आणि लक्षात आलं की सीट कडक असणं हीच यातली जमेची बाजू आहे. मऊ फोमची सीट पहिला तास सुखाची असते, नंतर फोम दबतो, बसायची हाडं खालच्या कडक भागाला लागतात आणि माणूस सारखा कूस बदलत राहतो. स्वार हलला की प्रत्येक वेळी घोड्याला तोल सावरावा लागतो. या सीटवर मी एकदा नीट बसले की तशीच बसून राहते.

गुडघेदुखी मात्र सीटमुळे नव्हतीच. रिकिबीचे पट्टे मी मैदानात ठेवते तेवढेच आखूड ठेवले होते. लांबच्या चालीसाठी दोन भोकं खाली सोडले, रुंद तळव्याची रिकीब घेतली, आणि उतारावर गुडघ्यात कळ येणं बंद झालं. रिकीब जिथे अडकते तो लोखंडी बार काही खोगिरांत फार पुढे असतो. मग पाय पुढे पळतात आणि आपण खुर्चीत बसल्यासारखे मागच्या कडेवर टेकतो, सगळा भार घोड्याच्या कमरेकडे. यात तो बार योग्य जागी आहे. दुकानात बघायचं असेल तर खोगीर स्टँडवर ठेवून बसा आणि रिकीब मोकळी सोडा. ती आपल्या टाचेच्या रेषेत लोंबली पाहिजे.

पण स्वाराला काय वाटतं याला मी निम्मेच गुण देते. बाकीचे निम्मे खोगीर उतरवल्यावर कळतात. रपेटीहून आलो की तांबडीला लगेच धूत नाही. नमदा काढून उन्हाच्या उजेडात पाठ बघते. घामाचा ठसा दोन्ही बाजूंना सारखा उमटलेला हवा आणि मधली पन्हाळ कोरडी. एप्रिलमध्ये डाव्या खांद्यामागे तळहाताएवढा कोरडा डाग दिसू लागला, भोवती सगळं ओलंचिंब. असा डाग दोन कारणांनी पडतो. एक, तिथे खोगीर टेकतच नाही. दोन, तिथे इतकं दाबतंय की घाम सुटतच नाही. फरक बोटांनी कळतो. टेकत नसेल तर केस मोकळे, धुळीचे, कधी उलटे घासलेले असतात. दाबत असेल तर केस चप्प बसलेले असतात आणि हळूच दाबलं की घोडा कातडी थरथरवतो. तांबडीने कान मागे टाकले. म्हणजे दाब होता. याकडे दुर्लक्ष केलं की काही महिन्यांनी त्या जागी पांढरे केस उगवतात. केसाच्या मुळातला रंग तयार होणं थांबतं आणि ते बहुधा कायमचं. यात्रेच्या बाजारात घोडे बघताना पाठीवर असे पांढरे ठिपके दिसतात ना, ते जन्मखूण नसतात.

लोकर भरलेल्या पॅनलचा फायदा इथे दिसला. नवीन लोकर पहिल्या काही महिन्यांत दबतेच आणि ती दोन्ही बाजूंना सारखी दबेल असं नाही. फोमचं पॅनल असतं तर पर्याय नव्हता. कॅम्पात शर्यतीच्या घोड्यांचं सामान दुरुस्त करणारे एक वयस्कर कारागीर आहेत. त्यांनी खोगीर उलटं मांडीवर घेतलं, दोन्ही अंगठ्यांनी पॅनल चाचपत पुढून मागे गेले आणि डाव्या बाजूला एका जागी थांबून म्हणाले, "ताई, इथे गाठ झालीय बघा." मी डाग कुठे आहे ते त्यांना सांगितलंही नव्हतं. शिवणीच्या फटीतून वाकडी सळई घालून त्यांनी गाठ सोडवली, जुनी लोकर पिंजली, थोडी नवी भरली. 1,200 रुपये. पुढच्या रपेटीपासून ठसा सारखा पडायला लागला.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. पुण्याच्या हवेत चामड्यावर हिरवट बुरशी येतेच. ग्लिसरीनचा साबण, कोरडं फडकं, सावलीतली वाऱ्याची जागा. उन्हात वाळवू नका, चामडं तडकतं. तेल बेताने, पट्ट्यांना तर फारच बेताने, नाहीतर ते ताणले जातात.

आणि आता पट्टे. मला या खोगिराबद्दल एकच गोष्ट सांगायची परवानगी असती तर मी हीच सांगितली असती: तंगाच्या पट्ट्यांची भोकं एका ओळीत नाहीत. प्रत्येक बाजूला तीन पट्टे. डाव्या बाजूच्या पहिल्या पट्ट्याचं चौथं भोक आणि दुसऱ्या पट्ट्याचं चौथं भोक शेजारी शेजारी धरून बघितली, तर अर्ध्या इंचाचा फरक. उजवीकडे तो फरक नाही. क्षुल्लक वाटतं ना? आता होतं काय ते बघा. तंगाच्या टोकाला दोन बकलं. दोन्ही चौथ्या भोकात लावली की पुढचं ताणलेलं, मागचं सैल. ओढ सगळी पुढच्या पट्ट्यावर. मागचं एक भोक वर घेतलं तर उलटं होतं, कारण भोकांमधलं अंतर एक इंच आहे. अर्ध्या इंचाची सोय कुठेच नाही. तंगाचं टोक तिरकं बसतं, पुढची कड कोपराच्या मागच्या मऊ कातडीला घासते. जूनमध्ये तिथे केस उडाले. मी मेंढीच्या कातड्याची खोळ चढवली म्हणून जखम झाली नाही.

भोकं पाडायला यंत्र लागत नाही. एक पट्टी, एक खूण आणि पंच, एवढ्यावर काम होतं. ट्री बरोबर, पॅनल बरोबर, रिकिबीचा बार बरोबर, हे सगळं कौशल्याचं काम नीट करणाऱ्या माणसाने भोकं डोळ्याने पाडावीत याचा मला आजही राग येतो. कानपूरचं खोगीर जगभर जातं, तिथल्या सॅडलरीला भौगोलिक मानांकन आहे. त्या कामाला हे शोभत नाही.

शेवटी व्हायचं ते झालं. नारायणपूरच्या पुढे, पुरंदरच्या पायथ्याशी पुन्हा तंग आवळायला उतरले तर डावीकडचा पहिला पट्टा हातातच खाली आला. चामडं शाबूत, पण वरच्या नवारीला जोडणारी शिवण उसवलेली. महिनोन् महिने ओढ एकट्या त्या पट्ट्यावर, त्यात दोऱ्याला घामाचं मीठ. इथे एक गोष्ट प्रत्येकाने आपल्या खोगिराचा फ्लॅप उचलून बघावी. बहुतेक इंग्लिश खोगिरांत पहिला पट्टा स्वतंत्र नवारीवर असतो आणि दुसरा-तिसरा एकाच नवारीवर. म्हणून तंग नेहमी पहिल्या-दुसऱ्यावर किंवा पहिल्या-तिसऱ्यावर लावायचा, म्हणजे एक नवार तुटली तरी दुसरी धरते. माझा पहिलाच गेला होता. दुसऱ्या-तिसऱ्यावर खोगीर कसंबसं बांधलं आणि वर न बसता कोडीतपर्यंत लगाम धरून चालत आले.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "मॅडम, चामड्याच्या वस्तूला गॅरंटी नसते." मी कळवलं की चामडं नाही, शिवण गेलीय आणि ती भोकांमुळे गेलीय. पट्टीवर धरून मोजलेला फोटोही पाठवला. "अर्ध्या इंचाने काय होतं?" त्यानंतर फोन उचलणं बंद. नवे पट्टे बसवून द्यायला त्याला फार खर्च आला नसता. मी पुढच्या वेळी नमदा आणि लगामही त्याच्याकडूनच घेणार होते.

कॅम्पातल्या कारागिरांनी डावीकडचे तिन्ही पट्टे नवे केले, मेण लावलेला जाड नायलॉनचा दोरा वापरला आणि मी न सांगता तिन्ही पट्टे एकावर एक ठेवून एकदमच भोकं पाडली. अंतरही एक इंचाऐवजी पाऊण इंच. 1,800 रुपये. म्हणजे खोगीर मला एकंदर 27,000 ला पडलं आणि एवढ्या पैशांत, आखूड गोल पाठीच्या देशी घोड्यासाठी, याहून चांगलं पुण्यात माझ्या बघण्यात नाही. मैत्रिणीलाही आता घे म्हणून सांगितलंय, फक्त पट्टी घेऊन जा आणि पैसे मोजायच्या आधी सहाही पट्ट्यांची भोकं मोज. उजव्या बाजूची शिवण अजून टिकून आहे, पण दोरा तोच जुना, त्यामुळे सारंगखेड्याच्या यात्रेला निघायच्या आधी ती बाजूही उसवून नवी करून घेणार आहे.