नुसतं ‘आय सेव्हन’ ऐकून पैसे मोजू नका

दुकानदाराने असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेला, संगणक विकताना सांगितलं होतं ते असं: आय सेव्हन प्रोसेसर, 16 जीबी रॅम, 480 जीबी एसएसडी, जीटीएक्स 1050 टीआय हे 4 जीबीचं ग्राफिक्स कार्ड, 450 वॅटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. सगळं नवं कोरं. बिलावर मात्र एकच ओळ: ‘असेंबल्ड संगणक, 1 नग’. पुढचा सगळा मनस्ताप त्या एका ओळीतून सुरू झाला.

बाजूचा पत्रा काढल्यावर निघाला आय सेव्हन 2600. हा प्रोसेसर 2011 सालचा. म्हणजे आय सेव्हन हे खोटं नव्हतंच, आणि चीड त्याचीच येते. 4 कोअर (काम करणारे गाभे), 8 थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) याच्याकडे आहेत; 2022 च्या साध्या आय थ्री 12100 कडेही तेवढेच आहेत आणि तो याला कुठल्या कुठे मागे टाकतो. या जुन्या प्रोसेसरला रॅम लागते डीडीआर 3, म्हणजे जुन्या प्रकारची. विंडोज 11 च्या अधिकृत यादीत तो नाही, आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. आय सेव्हन म्हटल्यावर पुढचा आकडा विचारा. डेस्कटॉपच्या प्रोसेसरमध्ये तो चार आकडी असेल तर पहिला आकडा पिढी सांगतो, पाच आकडी असेल तर पहिले दोन. आकडा सांगायला कोणी का-कू करत असेल तर तिथूनच उठा.

मदरबोर्ड खरंच नवा होता, पण त्यावरची मुख्य चिप, म्हणजे चिपसेट, एच 61, तोही 2011 चाच. त्यात साटाचा, म्हणजे डिस्क जोडायच्या जोडणीचा, वेग सेकंदाला 3 गिगाबिट. 6 गिगाबिटची एसएसडी सेकंदाला 500 एमबीच्या पुढे जाते, ती या बोर्डावर अर्ध्यावर अडकते. एसएसडी तरी नवी असावी? डिस्कची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे चालू राहिल्याचे तास, 21,364. म्हणजे आधी कुठेतरी सुमारे 890 दिवस अखंड चाललेली. वर स्टिकर मात्र चकचकीत. आणि हा आकडाही पुसून शून्य करता येतो, म्हणून कमी तास दिसले तरी निर्धास्त होऊ नका.

आता ग्राफिक्स कार्ड. खूण कार्डाच्या मागच्या पट्टीवर होती: निळं, 15 पिनांचं व्हीजीए पोर्ट. जीटीएक्स 1050 टीआय ज्या मालिकेतलं आहे त्या चिपमध्ये अ‍ॅनालॉग आउटपुटच नाही. त्या नावाच्या कार्डावर व्हीजीए पोर्ट दिसलं की तिथेच व्यवहार थांबवायचा. ते पोर्ट सगळ्यांच्या समोर होतं, मॉनिटरची वायर त्यातच खोचून संगणक चालू करून दाखवला गेला. पण हे ग्राहकाने कुठून ओळखायचं? खोक्यावर नाव बरोबर, स्क्रीनवर नाव बरोबर, मेमरी 4 जीबी दिसतेय. कार्डाच्या बायॉसमध्येच, म्हणजे त्यात कायम भरलेल्या सॉफ्टवेअरमध्येच, खोटं नाव भरून ठेवलंय, तर विंडोज तेच दाखवणार. हे हलगर्जीपण नाही, ही ठरवून केलेली लबाडी आहे.

जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं की नावाच्या आधी ‘फेक’ येतं. आत निघालं जीटीएस 450, सन 2010. खऱ्या 1050 टीआयमध्ये 768 कोअर असतात, यात 192. मेमरी खरी 1 जीबी. तेवढी भरली की स्क्रीनवर रंगीत पट्टे येतात आणि संगणक अडकतो. ‘नवा ड्रायव्हर टाकू नका, आम्हीच टाकून दिलाय’ असं दुकानदार बजावून सांगतो ना, त्याचं कारण हेच. नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, या चिपला घेतच नाही.

मशीन मध्येच बंदही पडायचं. का, याचं उत्तर एसएमपीएसच्या लेबलवर आहे. मोठ्या अक्षरात 450. खाली बारीक तक्त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर. 12 गुणिले 16 म्हणजे 192 वॅट. प्रोसेसर 95 वॅटचा, हे जुनं कार्ड 106 वॅटचं. बेरीज 201, त्यात पंखे आणि डिस्क धरलेलीच नाही. लोड आला की बंद पडणारच. वॅटचा मोठा आकडा बघू नका, 12 व्होल्टचे अँपिअर बघा. मागे 115/230 चं लाल बटण असेल तर तो जुन्या धाटणीचा एसएमपीएस आहे, तो घेऊच नका.

विंडोजही तसलंच. कमांड प्रॉम्प्टवर एसएलएमजीआर /एक्सपीआर दिल्यावर ‘कायमस्वरूपी’ यायला हवं. इथे मुदत संपायची तारीख आली. ती 180 दिवसांची, कंपन्यांसाठीची अ‍ॅक्टिव्हेशनची पद्धत असते, घरच्या संगणकावर तिचं काही काम नाही.

तक्रार करायला गेलं की खरा खेळ सुरू होतो. पोलीस ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचाकडे जा. सायबर शाखा म्हणाली, पैसे समोरासमोर दिलेत, हे आमच्याकडे येत नाही. ग्राहक तक्रार कक्षाने पुरावा मागितला: बिलावर प्रोसेसरचं मॉडेल कुठे आहे? कार्डाचा सीरियल नंबर कुठे आहे? नाही, कारण चोराने तो लिहिलाच नाही! ज्याने लपवलं त्याचा फायदा आणि ज्याला लुटलं त्याच्याकडे पुरावा मागायचा, हा कुठला न्याय? कार्डावर ज्या कंपनीचं नाव होतं ती म्हणते, हा माल आमचा नाही, विषय संपला. ऑनलाइन टाकलेली तक्रार ‘निकाली’ दाखवतात. निकाल काय लागला ते एका ओळीतही लिहीत नाहीत. बनावट कार्ड टेबलावर ठेवलं तर हात लावून बघायलाही कोणी तयार नाही. प्रत्येक जण पुढची खिडकी दाखवतो.

‘मग लॅपटॉपच घ्यायचा होता’ असं सांगणारे भेटतात. लॅपटॉपमध्ये एक गोष्ट चांगली: सगळ्या मशीनला एकच सीरियल नंबर, तो कंपनीच्या साइटवर टाकला की वॉरंटी दिसते. पण ‘नवा’ म्हणून वापरलेला माल तिथेही खपवतात. कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट चालवा, बॅटरीचा अहवाल मिळतो. मूळ क्षमता आणि आजची क्षमता यांत मोठी तफावत असेल तर तो नवा नाही. 64 जीबी ईएमएमसी (साठवणीची साधी चिप) असलेला स्वस्त लॅपटॉप तर विंडोजच्या अपडेटनेच भरून जातो, आणि ती चिप बोर्डावर झाळलेली असते, बदलता येत नाही.

घरच्या कामासाठी, म्हणजे लिखाण, हिशोब, ब्राउझर, व्हिडिओ यासाठी, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. ते खपवायचा आग्रह झाला की सावध व्हा. आय थ्री 12100 घ्या, सोबत एच 610 चा डीडीआर 4 बोर्ड, 8 जीबीच्या दोन रॅम, 500 जीबी एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान) एसएसडी. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर मात्र नको: 12100 एफमध्ये डिस्प्लेची सोयच नाही, आणि मग ‘कार्ड घ्यावंच लागेल’ म्हणून दुसऱ्यांदा कापतात. खोकी आपल्यासमोर फोडायला लावा. प्रोसेसरच्या झाकणावरचा बॅच नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवा, आणि हे उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायच्या आधी, कारण नंतर तो नंबर पेस्टखाली जातो.

चालू झाल्यावर प्रोसेसरचं नाव मदरबोर्डच्या बायॉसमध्ये बघा. विंडोजमधलं नाव रजिस्ट्रीतून बदलता येतं. सीपीयू-झेड या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये 3200 ची रॅम 1600 दिसेल, ती फसवणूक नाही, तिथे आकडा निम्माच दिसतो. हे सगळं पैसे द्यायच्या आधी. बिलात प्रत्येक भागाचं मॉडेल आणि सीरियल नंबर वेगळ्या ओळीत हवा.

ज्यांनी आधीच घेतलाय त्यांनी प्रत्येक भागाच्या स्टिकरचा फोटो आणि जीपीयू-झेड, क्रिस्टलडिस्कइन्फोचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. ‘आणून टाका, बघून देतो’ म्हणाले तरी सीरियल नंबर लिहिलेल्या सहीच्या पावतीशिवाय मशीन दुकानात सोडू नका. परत येईल तेव्हा आतला पुरावा बदललेला असेल.