आठ महिने, धात्री लोह, लोहाच्या गोळ्या, हळीव आणि लोखंडी कढई: हिमोग्लोबिन ८.६ वरून १२.२ पर्यंत

माझं वय ४३. मिरजेजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेल्या उन्हाळ्यात मला पाटीच्या पेन्सिली खाव्याशा वाटायला लागल्या. मुलांच्या पेन्सिलींचा खोका टेबलावर असायचा, त्यातला एखादा तुकडा कधी तोंडात जायचा ते कळायचं नाही. घरी भात टाकताना मूठभर कच्चे तांदूळ चावायचे. दोन जिने चढले की छातीत धडधड, वेणी घालताना हातात केसांचा गुंता. चाळिशीनंतर असं व्हायचंच, असं सगळ्यांनी सांगितलं आणि मीही ते खरं मानलं. ज्या बायका हे वाचताना गुपचूप मान हलवतील त्यांच्यासाठीच हे लिहितेय: माती, पेन्सिल, तांदूळ, बर्फ खाण्याची ही ओढ लोहाच्या कमतरतेत येते. ती लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

जूनमध्ये तपासणी केली. हिमोग्लोबिन ८.६, फेरिटिन ६. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. फेरिटिन म्हणजे शरीरातली लोहाची शिल्लक, आणि माझी शिल्लक संपल्यातच जमा होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. शिक्षिकांच्या बैठकीला बसले की आता मला तो आकडा समोर दिसतो.

त्याआधीचे तीन महिने मी वाया घालवले, तेही सांगते. रोज सकाळी बिटाचा रस आणि डाळिंब. रंग लाल म्हणून रक्त वाढतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. प्रत्यक्षात १०० ग्रॅम बिटात १ मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं, डाळिंबात तर त्याहून कमी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पाळी येणाऱ्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. बिटावर हा हिशेब कसा बसणार? त्याच काळात ओळखीतून ‘रक्तवाढीची’ एक पावडर घेतली. डबीवर घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, मुदत नाही. दोन महिने ती मधातून चाटली. पुढे वैद्यबाईंना डबी दाखवली तेव्हा त्या मला रागावल्या, आणि योग्यच रागावल्या. अशा पावडरीत शिसं असेल तर हिमोग्लोबिन तयार होण्यातच अडथळा येतो. रक्त वाढावं म्हणून घेतलेल्या औषधानेच ते घटलं असतं. आयुर्वेदावर माझा विश्वास आहे, म्हणूनच बिनानावाच्या डब्यांचा मला जास्त संताप येतो.

फॅमिली डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, रोज एक, उपाशीपोटी. बारा दिवस घेतल्या. पोटात मळमळ, जिभेवर लोखंडी चव, घट्ट काळी शौच. काळी शौच या गोळ्यांनी होतेच, त्याला घाबरायचं नसतं, पण तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. मी न विचारता गोळ्या सोडल्या. ही माझी चूक.

जुलैमध्ये आयुर्वेदाची पदवी असलेल्या वैद्यबाईंकडे गेले. त्यांनी आधी रिपोर्ट पाहिले, मग पाळीबद्दल पंधरा मिनिटं विचारलं. किती दिवस, किती कपडे, गाठी पडतात का. मला जुनं अम्लपित्त, म्हणून त्यांनी धात्री लोह दिलं. यात आवळ्याचं चूर्ण, लोहभस्म आणि ज्येष्ठमध असतं, आणि त्याला गुळवेलीची भावना देतात, म्हणजे गुळवेलीच्या काढ्यात ते घोटतात. धात्री म्हणजेच आवळा. २५० मिलिग्रॅमची गोळी दोन वेळा, जेवणाच्या आधी. रात्री दहा काळ्या मनुका भिजवायच्या आणि सकाळी पाण्यासकट चावून खायच्या. झोपताना अर्धा चमचा त्रिफळा. पोटाला या औषधाने जराही त्रास झाला नाही. पंधरा दिवसांत शौच सुधारली, पित्त बसलं, भूक लागायला लागली.

पण त्यांनी सगळ्यात जास्त बदल केला तो चहात. माझे दिवसाला पाच कप, त्यातले दोन जेवण झाल्या झाल्या. जेवणासोबत घेतलेल्या चहाने भाजी-भाकरीतल्या लोहाचं शोषण निम्म्याहून अधिक घटू शकतं. चहातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो. म्हणजे वर्षानुवर्षं मी बाजरीची भाकरी आणि मेथी खात होते आणि वरून चहा ओतून ते लोह घालवत होते. आता जेवणाच्या आधी तास-दीड तास आणि नंतर तेवढाच वेळ चहा नाही. पहिले चार दिवस डोकं ठणकलं, मग सवय झाली. सकाळचा एक आणि मधल्या सुट्टीनंतर एक, एवढाच चहा उरला. आठ महिन्यांत खर्च न करता केलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

दुसरं म्हणजे प्रत्येक भाजीवर लिंबू. आवळा, लिंबू, पेरू, टोमॅटो यांतल्या क जीवनसत्त्वाने भाज्या-धान्यांतलं लोह अंगी लागतं. मटकी, मूग, चवळी आम्ही मोड आणूनच करतो. मोड आले की धान्यातली लोहाला अडवणारी द्रव्यं कमी होतात. शेवग्याचा पाला कुणी विकत घेत नाही, परसातलाच ओरबाडून आणते. लसूण आणि डाळीचं पीठ लावून त्याची परतून भाजी होते. त्यावर लिंबू पिळलं की घरातले सगळे मागून घेतात.

लोखंडी कढई मिरजेच्या बाजारातून आणली, सातशे रुपयांची. ही कढई मला आवडली, पण ती कशी वापरायची ते शिकावं लागतं. आंबट पदार्थात लोह जास्त उतरतं, म्हणून आमसूल घातलेलं अळूचं फदफदं, टोमॅटोची आमटी तीत करते. पदार्थ काळपट दिसतो. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, “अगं, हे जळलं की काय?” चव मात्र बदलत नाही. शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचं, नाहीतर सकाळपर्यंत अगदी काळं होतं आणि लोखंडाचा वास लागतो. घासून ओली ठेवली की तांबेरा चढतो. पुसून तेलाचा हात फिरवायचा.

हळिवाचे लाडू दिवाळीनंतर सुरू केले. नारळाच्या पाण्यात हळीव तीन तास भिजवायचे, मग ओलं खोबरं, गूळ, जायफळ. रोज एक. दोन खाल्ले की मला उष्णता होते, तोंड येतं. गरोदर बाईने हळीव खाऊ नयेत, ते बाळंतपणानंतरचे. लाडवासोबत दूध पिण्याची पद्धत आहे, ती मी सोडली. दुधातलं कॅल्शियम लोहाच्या आड येतं.

आता धात्री लोहाबद्दल खरं काय ते. ऑगस्टअखेरचा रिपोर्ट ९.१. दोन महिने काटेकोर पथ्य पाळून अर्धाच अंक वाढला. मी रडले. वैद्यबाई म्हणाल्या, “बाई, घागर भरतेय पण तळाला भोक आहे. आधी सोनोग्राफी करून घ्या.” त्यात गर्भाशयात लहान गाठ निघाली. शस्त्रक्रियेची गरज नव्हती. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाळीतलं जास्तीचं रक्त थांबवायला औषध दिलं. वैद्यबाईंनी स्वतः धात्री लोह बंद करून मला पुन्हा लोहाच्या गोळ्यांकडे पाठवलं, कारण दोन्हीकडून लोह नको आणि माझी तूट फार मोठी होती. आपल्या औषधाची मर्यादा एवढ्या सरळपणे सांगणाऱ्या वैद्यबाई मिळाल्या, हे माझं नशीब.

या वेळी गोळी एक दिवसाआड, रात्री लिंबूपाण्यासोबत. एक गोळी घेतल्यावर शरीर साधारण दिवसभर पुढचं लोह कमी शोषतं, म्हणून एक दिवसाआड चालतं आणि पोटही शांत राहतं, असं डॉक्टरांनी समजावलं. मनुका आणि त्रिफळा चालूच होते, त्यामुळे बद्धकोष्ठ झालं नाही. नोव्हेंबरात १०.८. पेन्सिलीची ओढ मात्र त्याआधीच, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गेली. खोका समोर होता आणि मला त्याची आठवणही झाली नाही, हे संध्याकाळी लक्षात आलं. फेब्रुवारीत १२.२, फेरिटिन ३४.

धात्री लोह मी पुन्हा घेईन का? तूट थोडी असेल, पित्त असेल, आणि वैद्यांनी सांगितलं तर नक्की. ८.६ ला त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहणार नाही. आहाराचंही तसंच. भरलेली पातळी टिकवायला तो उत्तम, इतकी मोठी तूट भरायला एकटा अपुरा.

माझं वाचून कुणी लगेच लोह सुरू करू नका. माझ्या जावेचं हिमोग्लोबिन साडेदहा, तिनेही माझ्याच गोळ्या मागितल्या होत्या. तिचं फेरिटिन भरपूर निघालं, पुढच्या तपासणीत थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आनुवंशिक रक्तदोषाचा सौम्य प्रकार. तिला लोहाची गरजच नव्हती. आणि गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. चार-सहा गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. माझ्या वरच्या फडताळात आहेत.

शिल्लक अजून पुरेशी नाही, म्हणून डॉक्टरांनी गोळी आणखी तीन महिने चालू ठेवायला सांगितलीय. पुढची तपासणी मे महिन्यात. हळिवाचे लाडू या आठवड्यात बंद केले, उन्हात ते मला सोसत नाहीत. त्या जागी राजगिऱ्याची वडी आणि कैरी घातलेली मोडाची मटकी, कढईतलीच.